फ्लेक्सवर बसलेला माणूस

शिवांजलीच्या ऑफिसात माणसं एकाच कामाला यायची. पोरगा दाखवलाय, पुण्याला नोकरीला आहे म्हणतात, खरंच आहे का बघा. पितो का बघा. आधी एक लग्न झालंय का बघा. साताऱ्यात गुप्तहेराला एवढंच काम. बाकीची भानगड इथं लोक चौकात उभं राहूनच करतात, ती शोधायला हेर कशाला लागतोय?

म्हणून पेढ्यांच्या दुकानावरचा अरुंद जिना चढून हरणाबाई आली आणि म्हणाली, "बाई, माज्या पोराची चौकशी करा," तेव्हा मानसिंग मामांना वाटलं, म्हातारी कायतरी उलटं बोलतेय.

मानसिंग मामा म्हणजे शिवांजलीचे सख्खे मामा. फौजेतून हवालदार होऊन रिटायर झालेले. आता भाचीची जीप चालवायचे आणि भाचीच्या धंद्याची त्यांना लाज वाटायची. गावाकडं कुणी विचारलं तर 'कुरिअरचं ऑफिस आहे' असं सांगायचे.

"तुमच्याच पोराची?" शिवांजलीनं विचारलं.

"व्हय. मल्हार नाव त्याचं. त्यो त्यो न्हाई, येवढंच शोधून द्या."

"तो कोण नाही, मावशी?"

हरणाबाईनं पदर तोंडाला लावला. "फ्लेक्सवरला."

मामांच्या घशात चहा अडकला.

"कुठला फ्लेक्स?"

"आवं बाई, समद्या जिल्ह्याच्या फोनात हाय. तुमच्यात न्हाई व्हय?"

शिवांजलीनं मामांकडं बघितलं. मामांनी खिडकीबाहेर बघितलं. मग हळूच फोन काढून टेबलावर ठेवला. फोटो होता. मामांनी तो गेल्याच आठवड्यात पलटणीच्या ग्रुपवर टाकला होता, खाली हसून हसून रडणारी पिवळी तोंडं लावून. हरणाबाईला वाचता येत नव्हतं, पण तोंडं कळत होती.

विट्याच्या पलीकडं माळावर निमजाईवाडी नावाचं गाव. गावाला स्वच्छतेचं बक्षीस लागलेलं. समारंभासाठी वेशीत हा भलामोठा फ्लेक्स लावलेला. रात्रीचा फोटो. मधे निमजाईचं देऊळ. आभाळात ताऱ्यांच्या गोल गोल रेघा, जणू कुणी जात्यावर तारे दळलेत. देवळाच्या पायथ्याला दुधासारखं धुकं. वळणावरच्या रस्त्यानं सोन्याची एक सलग रेघ. उजव्या बाजूला हात जोडलेले सरपंच आकाराम, आणि वर मोठ्या अक्षरात 'हागणदारीमुक्त निमजाईवाडीत आपलं सहर्ष स्वागत'.

आणि डावीकडं खाली, बाभळीखाली, निळसर रंगाचा, आरपार दिसणारा एक माणूस. बसलेला. कसा बसलेला ते सांगायला नको, कारण शेजारी टमरेल होतं.

तोंड पुसट होतं. टमरेल मात्र चकाकत होतं. माणसाच्या कपाळावर एक लाल ठिपका.

"पयल्यांदा निम्मं गाव म्हनलं, भूत हाय," हरणाबाई सांगायला लागली. "मग कोण म्हनलं, साधूपुरुष हाय, कपाळाला कुंकू, हातापाशी कमंडलू. दोघीतिघींनी फ्लेक्सला हळदकुंकूबी वाहिलं. मग गावातलं नानासो म्हनलं, कमंडलू न्हवं, टमरेल हाय. मग झाली की बोंब."

"आणि मल्हारचं नाव कुठून आलं?"

"कमिटी म्हनली, बसलेला मानूस गावचा असंल तर बक्षीस माघारी घिऊ. मग सरपंच म्हनलं, गावचा कसा असंल, त्यो मेंढरंवाला हाय, परगावचा. लाल ठिपका म्हंजे त्याची बिडी. माजं पोर बिडीला शिवत न्हाई वो. त्या रानात आमची मेंढरं बसवलीवती, येवढाच गुन्हा." तिनं टेबलावरचा फोन उलटा करून ठेवला. "त्याच गावच्या अर्जुनाची राणी ठरलीवती त्याला. अर्जुनानं सोयरीक मोडली. म्हनला, सगळ्या जिल्ह्यानं ज्याला बसलेला बघितला, त्याला मी उभ्यानं पोरगी कशी देऊ?"

मामांना हसू आलं. ते त्यांनी खोकल्यात घातलं. शिवांजलीनं ते बघितलं.

"मावशी, उद्या सकाळी आम्ही येतो," ती म्हणाली.

*

सरपंच आकारामनं पाहुण्यांना नाष्ट्यालाच मटणाचा रस्सा वाढला. काळ्या मसाल्याचा, वर बोटभर तर्री. नको म्हणायची सोय नव्हती.

"पाव्हण्याला तिखट घातल्याबिगर आमी सोडत न्हाई," आकाराम म्हणाला. "त्या फोटुग्राफरलाबी त्या रातीला हितंच जेवाय घातलं. पृथ्वीराज. आजोळ विट्याचं, पर वाढला पुन्यात, फ्लॅटमधी. नाकातनं पानी, डोळ्यातनं पानी. तरी दोन वाट्या प्याला गडी."

"त्या रात्री लाईट होती?" शिवांजलीनं विचारलं.

"गेलीवती. त्यो म्हनला, लय बेस झालं, तारं चांगलं येत्याल."

"मल्हारच होता कशावरून?"

"दुसरं कोन असनार? मेंढरं तितं, त्यो तितं. वर बोंबलून आमची झोप घालवली. लांडगा आलाय, लांडगा आलाय."

"कधी? फोटो काढायच्या आधी का नंतर?"

"तवाच की! पृथ्वीराज जेवून कॅमेरा लावायला गेला आन् हिकडं ह्याची हाळी सुरू. अर्धा तास मेंढरं उधळल्याली अन् ह्यो वरडतोय."

शिवांजलीनं मान हलवली. "फ्लेक्स तुम्ही पास केला होता?"

"मीच. माजा फोटू ते डावीकडं खाली टाकत हुते. मी म्हनलं, ह्या! देवीच्या उजव्या हाताला टाका. आन् येवढं काळं कशाला? गाव दिसू द्या की! उजेड वाडवा." आकाराम थांबला. मिशीवरून हात फिरवला. "वाडवला त्यांनी."

इकडं मामांच्या पोटात रश्श्यानं परेड सुरू केली होती. त्यांनी आकारामच्या कानाला लागून विचारलं. आकारामचा चेहरा उजळला.

"हाय की! या, दावतो."

अंगणात गुलाबी रंगाची टुमदार खोली होती. दाराला झेंडूचा हार, लाल फीत आणि नारळाएवढं कुलूप.

"आत टाइल्स हाईत, शेवाळी. पर वापरायचं न्हाई अजून. सायबांच्या हस्ते उद्घाटन हाय."

"मग शेजाऱ्यांच्यात?"

"समद्या गावाचं येकाच दिशी हाय. फिती समद्यांच्याच बांधल्यात."

तेवढ्यात आकारामची आई रंगूबाई काठी टेकत फाटकातून आत आली. कमरेत पार वाकलेली. पदराखाली कायतरी झाकलेलं होतं. पाहुणे दिसताच तिनं पदर आणखी ओढला आणि भिंतीच्या कडेकडेनं मागच्या दाराकडं गेली. मामांनी नजर वळवली.

*

मेंढरांचा तळ देवळासमोरच्या रानात होता. मल्हार कोकराला दूध पाजत होता. उंच, शांत पोरगा. शिवांजलीनं विचारलं तेवढंच बोलला.

"ताई, लांडगा शिरलावता. मेंढरं गोल गोल फिराय लागली. त्यास्नी सोडून मी बाभळीखाली जाऊन बसनार? आन् त्या जागी? देवळाम्होरं? आमी वड्याच्या पल्याड जातो."

मामांचं पोट आता ऐकण्याच्या पलीकडं गेलं होतं आणि पोटातली आग तोंडातून बाहेर पडायला वाट शोधत होती.

"बसनारा असंच म्हनतो!" ते ओरडले. "फौजेत असतास तर बुटानं तुडवला असता, निर्लज्जा. सगळ्या गावाची अब्रू घालवलीस. म्हातारीची तरी लाज धरायची!"

मल्हार कोकराला दूध पाजतच राहिला. हरणाबाई मेंढरांभोवतीच्या वाघरीच्या जाळीला धरून उभी होती. तिनं मामांकडं बघितलं नाही, मेंढरांकडंही नाही. जमिनीकडं बघत राहिली.

आणि मग मामांच्यानं धरवेना. कळशीतून डबाभर पाणी घेऊन ते तरातरा निघाले. ओढा लांब होता. बाभळ जवळ होती.

नको ती वेळ, नको ती जागा. मामा जेमतेम टेकले आणि वळणावरून दुधाचा टेम्पो आला. मामा ताडकन उभे राहिले. अगदी सावधान. ड्रायव्हरनं गमतीनं हात वर केला आणि तीस वर्षांच्या सवयीनं मामांचा उजवा हात कपाळाला गेला. कडक सलाम. डाव्या हातात डबा आणि सुटलेला पायजमा.

टेम्पो हॉर्न वाजवत गेला. मामांनी मागं बघितलं तर लांब बांधावर शिवांजली उभी. ती हसली नाही. तेच मामांना जास्त लागलं.

मामांनी जीप गावाकडं वळवली.

"मामा," शिवांजली म्हणाली, "टेम्पो आला तेव्हा उभे का राहिलात?"

"मग काय बसून राहू?" मामा खेकसले.

शिवांजली मान वळवून मागं राहिलेल्या बाभळीकडं बघत राहिली. मामांना वाटलं, रागावली.

*

गावात नानासोंना गाठलं. आकारामचे जुने वैरी. बिडीचं थोटुक दातात धरून ओसरीवर बसले होते.

"फोटोत माणूस तुम्हीच घुसडलात, असं सरपंच म्हणतात," शिवांजली म्हणाली.

"आगं पोरी, मला येवढं येत असतं तर त्या धडावर आकारामचंच टकुरं बसवलं असतं की! परक्याचं कशाला बसवू?" नानासो खदाखदा हसले. "त्या बसणाऱ्यानं मला इचारलं असतं तर मीच त्याला पानी दिलं असतं."

मामांना ते पटलं. ज्याचा रस्सा खाल्ला त्याच्या वैऱ्याचं बोलणं पटलं याचीही त्यांना थोडी लाज वाटली.

विट्यात फ्लेक्सवाल्याचं दुकान होतं. आत चार पोरं चार पुढाऱ्यांच्या मिशा काळ्या करत बसलेली.

"आमची काय चूक न्हाई, मॅडम," मालक म्हणाला. "फोटोग्राफरनं दोनदा फोन केला. सरपंचाचा फोटो डाव्या कोपऱ्यात खाली टाका, तिथं काळंच हाय, हात लावू नका. पण गिऱ्हाईक म्हणालं उजवीकडं, आणि उजेड वाढवा. आम्ही बटण ओढत गेलो. आधी बाभळ दिसली. मग टमरेल दिसलं. मला वाटलं, देवळाचा तांब्या असंल."

पृथ्वीराजचा स्टुडिओ त्याच गल्लीत होता. पोरगा तरुण, दाढी कोरलेली, बोलणं पुण्याचं. कॅमेऱ्याबद्दल विचारलं की खुलायचा.

"लाँग एक्स्पोजर म्हणजे शटर उघडं ठेवायचं. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची तीव्रता, कमी ठेवायचा, नाहीतर अंधारात दाणे येतात. ट्रायपॉड घट्ट. बल्ब मोडवर रिमोटनं शटर लॉक केलं की आपण सोडेपर्यंत ते उघडंच. हा अर्ध्या तासाचा एकच फोटो आहे. पृथ्वी फिरते, म्हणून ताऱ्यांच्या रेघा येतात."

"अर्धा तास तुम्ही काय करता?"

"वाट बघायची. कॅमेऱ्याजवळ."

"मधून कुणी चालत गेलं तर?"

"काही फरक पडत नाही. अंधारातला माणूस उमटतच नाही. कॅमेऱ्याला फक्त उजेड कळतो. ती सोन्याची रेघ बघा, एक गाडी गेली. गाडी दिसत नाही, तिचा लाईट दिसतो."

"मग हा कसा उमटला?"

पृथ्वीराज लेन्स पुसायला लागला. "मल्हार असेल. गावात तसंच म्हणतात."

"आणि हे धुकं? भर वैशाखात?"

"निसर्गाची कृपा."

"एडिटिंगमध्ये माणूस पुसता येत नाही?"

"दोन मिनिटांचं काम. पण हा फोटो मुंबईच्या स्पर्धेला गेलाय. ते मूळ फाईल मागतात. एक ठिपका पुसला किंवा वाढवला तरी बाद. मी काहीच पुसलेलं नाही, काहीच जोडलेलं नाही." हे सांगताना त्याची मान ताठ झाली.

तोवर मामांनी टेबलावरचा एक दिवा उचलला होता, डोक्याला बांधायचा, इलॅस्टिकचा.

"खाणीत उतरता काय?" मामांनी बटण दाबलं. मंद लाल उजेड आला. "ह्याचा सेल उतरलाय, चार्ज करा."

पृथ्वीराजनं दिवा त्यांच्या हातातून घेतला आणि ड्रॉवरमध्ये टाकला.

"संध्याकाळी निमजाईवाडीला या," शिवांजली त्याला म्हणाली. "तुमच्याशिवाय मापं घेता येणार नाहीत."

*

दिवेलागणीला सगळं गाव देवळासमोरच्या रानात जमलं. फ्लेक्स जमिनीवर पसरलेला. त्याच्याभोवती माणसं मांड्या घालून बसलेली. एका कडेला अर्जुना, त्याच्या मागं राणी डोक्यावरून पदर घेऊन. देवळाच्या पायरीवर रंगूबाई. हरणाबाई सगळ्यांपासून लांब, मेंढरांजवळ.

मामांना शिवांजलीनं जीप घेऊन वळणापलीकडं पाठवलं होतं. "फोनची रिंग वाजली की या. मोठे लाईट लावून, हॉर्न देत. का ते विचारू नका." मामांनी विचारलं नव्हतं. सकाळपासून त्यांना भाचीला काही विचारायचं तोंड नव्हतं.

रिंग वाजली. मामांनी लाईट लावले, हॉर्नवर तळहात ठेवला आणि जीप वळणावर घातली.

काचेतून त्यांना जे दिसलं ते पुढं कितीतरी दिवस डोळ्यापुढून हललं नाही.

बाभळीखाली चौघं मापं घ्यायला म्हणून उकिडवे बसवलेले. आकाराम, नानासो, मल्हार, पृथ्वीराज. लाईट अंगावर आला आणि आकाराम ताडकन उभा. नानासो उभे. मल्हार उभा. पृथ्वीराज एकटा बसलेला, डोळ्यांवर हात धरून, 'काय झालं' म्हणून इकडंतिकडं बघत.

पण लाईट तिथंच थांबला नाही. तो पुढं गेला, आणि जिथं जिथं गेला तिथं तिथं फ्लेक्सभोवती बसलेलं सगळं गाव उभं राहिलं. बाप्ये, बाया, अर्जुना, राणी. कुणी सांगितलं नव्हतं. शेवटी देवळाच्या पायरीवर रंगूबाई काठीला दोन्ही हातांनी धरून वाकत वाकत उठली. सगळ्यांत शेवटी.

मामांनी इंजिन बंद केलं. लाईट चालूच राहिले.

"कुणी बसू नका," शिवांजली म्हणाली. "आहात तसेच थांबा."

"ह्यो काय खेळ मांडलाय?" आकाराम तडकला.

"मापं घेतली, सरपंच. झाली घेऊन." ती फ्लेक्सवरच्या सोन्याच्या रेघेजवळ गेली. "पृथ्वीराज, अंधारातला माणूस उमटत नाही, असं तुम्हीच सांगितलंत. मग हा का उमटला? ह्या रेघेमुळं. गाडी वळणावर आली, तिचा उजेड क्षणभर बाभळीवर पडला. तेवढ्या उजेडात जे होतं ते फोटोत छापलं गेलं. म्हणजे उजेड अंगावर आला त्या क्षणी हा माणूस बसलेला होता. बसूनच राहिला."

"मग?" अर्जुना म्हणाला.

"अर्जुनाकाका, आत्ता तुम्ही का उभे राहिलात?"

अर्जुनानं मागं बघितलं. राणीही उभीच होती.

"आज सकाळी मला एकानं हे दाखवून दिलं," शिवांजली म्हणाली. तिनं नाव घेतलं नाही, मामांकडं बघितलंही नाही. "रानात बसायची ज्याला सवय आहे तो गाडी आली की उभा राहतो. लहानपणापासून अंगात मुरलेलं असतं. ज्याला ही सवयच नाही, तोच बसून राहतो."

मामांना गप्प बसता आलं असतं. अंधारच होता. पण उजेडाच्या कडेला त्यांना हरणाबाई दिसली, तशीच जमिनीकडं बघणारी. मामा जीपमधून उतरले आणि लाईटच्या पुढं येऊन उभे राहिले.

"त्यो येक म्हंजे मी," ते म्हणाले. "आज सकाळी. ह्याच बाभळीखाली. ज्या तोंडानं ह्या पोराला निर्लज्ज म्हनलो, त्याच तोंडानं सांगतो. दुधाच्या टेम्पोला मी पायजमा सुटलेला असताना सलाम केलाय. आन् त्यो फोटूबी मीच पलटणीत धाडला हुता." एवढं सांगून ते लाईटच्या पुढंच उभे राहिले.

कुणी हसलं नाही.

"आता लाल ठिपका," शिवांजली पुढं म्हणाली. "सरपंच म्हणाले बिडी. नानासो, तुम्ही बिडी कपाळावर ओढता का?"

"तोंडात वढतो, गं."

"ठिपका कपाळावर आहे. रात्री कॅमेऱ्याची बटणं दिसावीत, पण डोळे दिपू नयेत, म्हणून डोक्याला लाल दिवा बांधतात. मामांना वाटलं सेल उतरलाय. आणि हे धुकं. निसर्गाची कृपा नव्हे, मल्हारची मेंढरं. लांडग्याला भिऊन गोल फिरणारी. चांदण्याच्या उजेडात त्यांची पांढरी लोकर थोडीथोडी उमटत गेली आणि दिव्यांच्या रेघा होतात तशी अर्ध्या तासात त्यांची साय झाली. म्हणजे शटर उघडं होतं तेव्हाच लांडगा आला होता, आणि मल्हार ओरडत मेंढरांमागं होता. झोप उडाली म्हणून सरपंचांनीच साक्ष दिलीय."

आकाराम फ्लेक्सवरच्या धुक्याकडं वाकून बघायला लागला. बक्षिसाच्या भाषणात त्यानं या धुक्याची महाबळेश्वरशी तुलना केली होती.

"फोटोत कुणी माणूस घुसडला म्हणावं, तर फोटोग्राफर स्वतः म्हणतो, काही जोडलं नाही. पुसावं, तर स्पर्धा हातची जाते. मग राहिला एकच उपाय. त्या कोपऱ्यात सरपंचांचा फोटो चिकटवायचा आणि खाली अंधार ठेवायचा. त्यासाठी फ्लेक्सवाल्याला दोनदा फोन. कोपऱ्यात काय आहे हे ज्याला आधीच माहीत होतं त्यालाच हे सुचणार. पण सरपंचांना देवीचा उजवा हात हवा होता. आणि उजेडही हवा होता."

पृथ्वीराज अजून बसलेलाच होता. आता त्याच्यानं उठवेना.

"मला तिखट सोसलं नाही," तो खाली बघत म्हणाला. "जेवल्या जेवल्या पोटात कळ आली. निघताना सरपंचांकडे किल्ली मागितली. ते म्हणाले, उद्घाटन व्हायचंय. एक टमरेल दिलं हातात. मला ओढा माहीत नव्हता. कॅमेरा लावून झाला होता, तो सोडून लांब जायची भीती वाटली. म्हटलं, अंधारात काय दिसतंय... नंतर मल्हारचं नाव आलं तेव्हा बोलायला हवं होतं. रोज ठरवायचो. रोज फोन यायचे, फोटो किती भारी आहे म्हणून."

"टमरेल तुम्ही दिलंत?" शिवांजलीनं आकारामला विचारलं. "म्हणजे तुम्हालाही माहीत होतं."

आकाराम मिशीवरून हात फिरवायला लागला. नानासो मात्र फुटले.

"बघा, बघा! हागणदारीमुक्तचा सरपंच! लाईट बघून कसा उठला, बघा!"

"तूबी उभाच हाईस की, नाना," कुणीतरी मागनं म्हणालं.

नानासोंनी खाली आपल्या पायांकडं बघितलं. सगळं गाव आपापल्या पायांकडं बघायला लागलं. बसावं तर आता बसता येईना, उभं राहावं तर राहवेना.

"परवा कमिटी यायचीय," आकाराम पुटपुटला. "त्यास्नी काय सांगू?"

"बसला तो पाव्हणा होता, असं सांगा. बेधडक सांगा, खरंच आहे." शिवांजलीनं पसरलेल्या गर्दीवर नजर फिरवली. "उभे कोण राहिले ते त्यांनी विचारलं, तर काय सांगायचं ते तुम्ही बघा."

देवळाच्या पायरीवरून काठीचा आवाज आला. रंगूबाई खाली उतरत होती. बाया बाजूला झाल्या. ती लेकासमोर येऊन उभी राहिली, वाकलेली, त्याच्या छातीएवढी.

"आकाराम," ती म्हणाली, "किल्ली आन."

"आये, सायेब—"

"किल्ली आन, बाबा. मला वडा लांब पडतोय."

सगळं गाव मागोमाग गेलं. आकारामनं लाल फीत स्वतःच्या हातानं तोडली. कुलूप काढलं. दार ढकललं तर ते उघडेना. आतून कायतरी अडलं होतं. मल्हारनं खांदा लावला, दार उघडलं आणि आतून गुंडाळ्या घरंगळत बाहेर आल्या. आकारामच्या वाढदिवसांचे फ्लेक्स. दरसालचे. हात जोडलेला आकाराम, चष्मा लावलेला आकाराम, घोड्यावरचा आकाराम. ते सगळे बाहेर काढून अंगणात रचेपर्यंत आकाराम भिंतीकडं तोंड करून उभा होता. मल्हारनं हौदावरून दोन बादल्या भरून आणून आत ठेवल्या. अर्जुनानं न बोलता तिसरी आणली.

"जावई," अर्जुना बादली ठेवता ठेवता म्हणाला, "माजं चुकलं."

मल्हारनं नुसती मान हलवली. मग कोपऱ्यात अंग चोरून उभ्या असलेल्या पृथ्वीराजला म्हणाला, "लग्नात फोटू तुमीच काडा. पर झटक्यात काडा. शटर उगडं ठिऊ नका."

रंगूबाई उंबऱ्यापाशी आली आणि थांबली. सगळं गाव तिच्याकडं बघत होतं. तिनं पदर ओढला. एवढ्या लोकांदेखत आत कसं जायचं?

मामांच्या ते सगळ्यांच्या आधी लक्षात आलं. लाजेचं आता त्यांना बारकाईनं कळत होतं. त्यांनी छाती भरून घेतली.

"समदं गाव... पीछे मुड!"

आणि निमजाईवाडी वळली. सरपंच, विरोधक, बाया, पोरं, व्याही. कुणाचा पाय आधी, कुणाचा नंतर, पण सगळ्यांनी पाठी फिरवल्या. रंगूबाईच्या काठीचा आवाज आत गेला.

मामा रांगेत उभे होते. शेजारी कोण आहे ते त्यांनी बघितलं नव्हतं. मग हळू आवाजात हरणाबाई बोलली, समोर बघतच.

"भाऊ."

"बोला, बाई." मामांची मान वर होईना. "मी सकाळी जे बोललो—"

"त्ये ऱ्हाऊ द्या. टेम्पोवाल्याला खरंच सलाम ठोकलासा व्हय?"

"व्हय."

"आन् त्यानं?"

"हॉर्न दिला."

हरणाबाईनं पदर तोंडात कोंबला. तिचे खांदे हलायला लागले. मामा बघत राहिले. रडते का हसते ते त्यांना आधी कळेना. मग कळलं, तेव्हा त्यांचे कान आणखी तापले आणि त्यांना बरंही वाटलं.

मागं कडी लागल्याचा आवाज झाला. कुणी वळून बघितलं नाही.